तीन बोटांची चोरी

१

हे कोणी खरं मानणार नाही, आणि न मानलेलंच बरं. ज्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं, त्यांनीही आठवड्याभरात मानायचं सोडून दिलं होतं. तरी झालं ते झालंच. एका मोठ्या गोड्या तळ्यातल्या एकूण एक माशाची तीन-तीन बोटं एका वर्षात चोरीला गेली.

माशाला बोटं कुठून आली, असं ज्याला विचारायचं असेल त्याने आधी उठून सगळ्यांसाठी चहा ठेवावा. आणि कोपऱ्यात जाळं विणत बसलेल्या म्हाताऱ्या बाईंनी गोष्ट संपेपर्यंत मधे तोंड घालायचं नाही, हे ठरलेलं आहे.

बोटं म्हणजे लांबीची. गेल्या वर्षी सरासरी पंचेचाळीस सेंटिमीटर भरणारा मासा यंदा एकोणचाळीसच भरला. मासे पळवणारे चोर प्रत्येक पाण्यावर असतात. पण मासा जागच्या जागी ठेवून त्याची लांबी तेवढी उचलून नेणारा चोर त्याआधी कोणी पाहिला नव्हता.

तळं असं अफाट, की या काठावर शिंकलं तर त्या काठाच्या माणसाला परवा पडसं व्हायचं. त्यावर चाळीस नावा चालत, म्हणजे चाळीस घरांच्या चुली. धरायचा मासा मुख्यतः एकच, कात्र्या. अंग चंदेरी, पाठ काळसर आणि शेपटी मधोमध खोल चिरलेली, उघड्या कात्रीसारखी. म्हणून कात्र्या.

तळ्याच्या कचेरीचा एक नियम होता, आणि नियम असून शहाणा होता. वर्षातून एकदा, ठरलेल्या सकाळी, ठरलेल्या जाळ्याने शंभर कात्रे धरायचे आणि मोजायचे. सरासरी बेचाळीस सेंटिमीटरच्या खाली नसेल, तर मासा वाढतोय, अंडी घालतोय, तुम्ही खुशाल धरा. त्याखाली गेली, तर तुम्ही उद्याचं ताट आज चाटायला लागलात असा अर्थ. मग तळं दोन वर्षं बंद. चाळीसही नावा काठावर पालथ्या.

भरले एकोणचाळीस.

त्याच दुपारी कचेरीच्या माणसांनी एकेक नाव तपासली, आणि एका नावेत बारीक डोळ्यांचं जाळं सापडलं. ज्या डोळ्यातून करंगळीसुद्धा जाणार नाही, असं. तळ्यावर त्याला सक्त बंदी. मोठ्या डोळ्याच्या जाळ्यातून पिल्लं निसटतात आणि पुढच्या वर्षी मोठी होऊन परत येतात. बारीक जाळं पिल्लांसकट सगळं ओरपतं.

नाव होती जाळीवाल्या मावशीच्या भाच्याची. ही मावशी चाळीसही नावांची जाळी विणायची आणि फाटली की सांधायची. सगळं तळं तिला मावशी म्हणे, पण सख्खी ती त्या एकाचीच. बहीण गेली तेव्हा तो पोर पाच वर्षांचा होता. त्याला तिनेच वाढवलं, तिनेच वल्हं धरायला शिकवलं. आता तो लग्न झालेला बाप्या होता, तरी ओरडा खायला तिच्याच दारात यायचा.

तळ्याच्या मोठ्या अधिकारी बाईंनी ते जाळं सर्वांसमोर उचललं, उजेडात धरलं आणि एक गाठ निरखून पाहिली.

"मावशी, ही गाठ कोणाच्या हातची?"

चाळीस नावांची माणसं वळून तिच्याकडे बघायला लागली. डावा पीळ, त्यावर उलटा वेढा. अशी गाठ तळ्यावर एकच हात मारायचा.

"माझ्या," मावशी म्हणाली.

२

कुजबुज अशी उठली, की पाण्यावर तरंग आले. पाण्यात राहून माशाशी वैर म्हणतात, ते या मावशी-भाच्यांनी केलं, असं लोक उघड बोलायला लागले. एका क्षणात बांगडी फुटावी तसा वीस वर्षांचा विश्वास फुटला.

अधिकारी बाई वाईट नव्हत्या, पण नियमाला पक्क्या होत्या. "भाच्याचा परवाना कायमचा रद्द, आणि तळं दोन वर्षं बंद," त्या म्हणाल्या. "हुकूम लिहून झालाय. शिक्का तेवढा बाकी आहे."

"मला थोडे दिवस द्या," मावशी म्हणाली. "चोर मी आणून उभा करते."

"चोर उभाच आहे की समोर," मागून कोणीतरी बोललं.

बाईंनी मावशीच्या हातांकडे पाहिलं. दोऱ्याने कापून कापून बोटांना घट्टे पडले होते. "आज मंगळवार," त्या म्हणाल्या. "शनिवारपर्यंत वेळ देते."

भाच्याचं घर काठाला लागूनच होतं. मागे भाजीचे चार वाफे. तो वाफ्याच्या कडेला डोकं धरून बसला होता आणि त्याची बायको आत भांडी आपटत होती. आपटण्यावरून कळत होतं, की घरात कोणाची चूक आहे.

"जाळं नावेत कसं गेलं रे?"

"मावशी, तूच नाही का विणून दिलंस, मटारावर टाकायला? पाखरांनी दोन ठिकाणी फाडलं. तुझ्याकडे सांधायला आणायचं म्हणून नावेत टाकलं. वाटेत त्यांनी धरलं."

"मग तिथे तोंड का नाही उघडलंस?"

"काय सांगू? बारीक जाळं मटारासाठी आहे म्हणून? माझाच माझ्यावर विश्वास बसला नसता! वर तू गाठ कबूल करून मोकळी. मी पकडली असतील तर मटारचोर पाखरं पकडली. त्यांची लांबी कमी भरली तर सांग, गुन्हा कबूल करतो."

"थोबाड आवर," मावशी म्हणाली. पण तिला हसू आलं.

जाळं कचेरीत जमा होतं. तिथे जाऊन तिने ते नाकाला लावलं. मातीचा वास. एका गाठीत वेलाचा सुकलेला ताणा अडकलेला. पाण्यात एकदा जरी उतरलेलं जाळं असलं, तरी शंभर वेळा धुवा, कुठल्या ना कुठल्या गाठीत खवला राहतोच. इथे एक नव्हता. भाचा खरं बोलत होता. पण ते मावशीला कळून उपयोग काय? चोराला साक्षीला चोराची मावशी, असंच सगळे म्हणणार.

जाळं घडी करता करता तिच्या मनात एक गोष्ट आली. समजा, पोराने पिल्लं मारली. मग तळ्यात पिल्लं कमी होतील, मासे कमी होतील. पण जे मोठे मासे उरलेत, ते आखूड कसे होतील?

बारीक जाळं माशाला नेतं. अर्धा मासा ठेवून अर्धा नेत नाही.

मग नेला कोणी?

३

लोकांच्या तोंडी दुसरं नाव होतं बीजवाल्या काकांचं. तळ्यात दर वर्षी बोटाएवढी पिल्लं सोडायची ती त्यांच्या हौदातून यायची. "काकांनी बुटकं बीज सोडलं," असं अर्धं तळं म्हणत होतं. उरलेलं अर्धं तेच जरा हळू म्हणत होतं.

काका हौदाच्या कठड्यावर बसून पिल्लांना दाणा टाकत होते. चेहरा असा, की दाणा त्यांनीच चुकून खाल्ला असावा.

"या मावशी. तुम्हीपण विचारा, बुटकं बीज कुठून आणलं ते. काल तर एकाने माझ्याच उंचीकडे बोट दाखवलं."

काका खरंच बुटके होते. मावशीने पदर तोंडाला लावला.

"काका, मला खरंच कळत नाही म्हणून विचारते. बीज बदललंत का?"

"सात वर्षं आई-बाप मासे तेच आहेत. आणि बदललं असतं तरी काय? परवा मोजलेले कात्रे मी चार वर्षांपूर्वी सोडलेले. गेल्या वर्षी मोजले तेव्हा हेच सगळे तळ्यात होते. तेव्हा लांब होते आणि आता आखूड झाले?" काकांनी दाण्याची मूठ एकदम हौदात फेकली. "मावशी, मासा मरेस्तोवर वाढतो. हळू वाढेल, पण उलटा वाढत नाही. वयाप्रमाणे आखूड होतो तो माणूस. माझ्याकडे बघा."

मावशी उभीच राहिली. सगळं तळं तीन दिवस बोंबलत होतं, आणि एवढी साधी गोष्ट कोणाच्या डोक्यात आली नव्हती. वर्षभरापूर्वी जो पंचेचाळीसचा होता, तो मासा एकोणचाळीसचा होऊच शकत नाही. मग मोजलेले मासे तळ्यातले नव्हतेच की काय?

काकांनी तिच्या तोंडावरून ते ओळखलं. आजूबाजूला बघून ते खाली वाकले. पोरं वाकतात तसे, कारण आणखी खाली जायला जागा नव्हती.

"जाळ्यातून काढल्यापासून मोजणीच्या खोलीत जाईस्तोवर दोन तास ते मासे कोणाच्या ताब्यात होते, ते विचारा," ते म्हणाले. "मी नाव घेणार नाही. पण तिथे थंडी फार वाजते."

४

बर्फवाल्या भाऊंच्या शेडमध्ये उन्हाळ्यातही स्वेटर घालावा लागे. लोक म्हणत, तिथे कोणी शिवी दिली तर ती गोठून खाली पडते आणि खोक्यात भरून ठेवता येते. भाऊ एका कानाने बहिरे होते आणि अवघड प्रश्न आला की बरोबर तोच कान पुढे करायचे.

"मासे बदललेत का?" मावशीने सरळ विचारलं.

"हो, बर्फ बदलतो. दर चार तासांनी."

"मासे, भाऊ, मासे! परीक्षेचे शंभर लांब कात्रे काढून तुमचे शंभर आखूड ठेवलेत का?"

भाऊ आधी भडकले, मग हसायला लागले. हसताना त्यांच्या तोंडातून वाफ निघाली. "शंभर आखूड कात्रे आणू कुठून मी? आखूड कात्रे कोणाच्या जाळ्यात येतच नाहीत, तुमच्या जाळ्याचा डोळा केवढा! आणि आखूड असते तर बरंच झालं असतं. माझे हात तरी वाचले असते."

"हात?"

"मोजून झाल्यावर तेच शंभर मासे माझ्याकडे आले. मीच पेट्या भरल्या, मीच गाडीत चढवल्या. ही बघा पेटी." त्यांनी एक रिकामी पेटी पायाने पुढे ढकलली. "आतून लांबी बेचाळीस. मुद्दाम नियमाच्या मापाची केलेली. कात्र्या सरळ झोपला तर समजायचं आखूड आहे. यातला एक सरळ झोपला असेल तर शपथ! शंभरच्या शंभर शेपट्या वाकवून कोंबल्या मी. झाकण अजून उचकटलेलं आहे. गेल्या वर्षी उचकटलं होतं, तस्संच."

मावशीने वीत लावून पेटी मोजली. बेचाळीसच. एकोणचाळीसचा मासा बेचाळीसच्या पेटीत पाय पसरून झोपेल. त्याची शेपटी कशाला वाकवावी लागेल?

"तेच मासे? नक्की?"

"प्रत्येकाच्या गालात मोजणीचा बिल्ला होता. एक ते शंभर. मीच काढले."

म्हणजे जाळ्यातून आला तेव्हा मासा लांब. पेटीत भरला तेव्हाही लांब. मधे मोजणीच्या खोलीत शिरला तेवढा वेळ तो आखडला, आणि बाहेर येताच पुन्हा लांब झाला!

आणि मोजणी चालू असताना त्या खोलीत मोजणाऱ्याशिवाय दुसऱ्या कोणाला शिरायची बंदी होती.

५

ही बंदी उगाच नव्हती. पूर्वी लोक मोजताना गर्दी करायचे आणि आपल्या नावेचा मासा आला की कोणीतरी हळूच शेपटी ओढायचा. म्हणून दार लावून एकट्याने मोजायची पद्धत पडली.

वर्षानुवर्षं मोजणारे म्हातारे गृहस्थ त्या सालीच निवृत्त होऊन लेकीकडे गेले होते. त्यांच्या जागी नवा मोजणीबाबू आला होता. आता हा मुलगा कसा होता, ते नीट सांगायला हवं. उंच, देखणा, हुशार. अक्षर असं, की छापखान्याने शिकवणी लावावी. विचार करताना पेन्सिल चावायची तेवढी एक खोड. तीही त्याला शोभून दिसायची.

मावशी शुक्रवारी दुपारी गेली, तेव्हा मोजायची फळी धुऊन खिडकीबाहेर उन्हात ठेवली होती. लांब लाकडी फळी, एका टोकाला उभी आडकाठी. माशाचं तोंड आडकाठीला टेकवायचं आणि फळीवरच्या आकड्यावर लांबी वाचायची. आत जाता जाता मावशीने सवयीने फळीवरून बोट फिरवलं. लाकूड सगळीकडे खरखरीत होतं. चव्वेचाळीस-पंचेचाळीसच्या आसपास मात्र काचेसारखं गुळगुळीत. तिने ते मनात ठेवलं. दोरा हाताला लागला की ठेवून द्यायचा, कधीतरी उपयोगी पडतो.

"बाबू, आकडे चुकले तर नाहीत?"

मोजणीबाबूला राग यायला हवा होता. पण तो सभ्य होता. त्याने कागद पुढे केला. "प्रत्येक मासा दोनदा मोजलाय मी. दोन्ही वेळा तेच."

"फळी खोटी असेल."

त्याने पोलादी पट्टी आणून फळीला लावली. आकडे केसाइतकेही हलले नव्हते.

"बर्फवाले म्हणतात, बेचाळीसच्या पेटीत मासा मावत नाही."

बाबूने पेन्सिल चावली. "थंडीने... फुगत असतील," तो म्हणाला. एवढ्या हुशार माणसाने आयुष्यात एकदा मूर्खासारखं बोलावं, एवढी सूट द्यायला हरकत नाही.

मावशीने तो कागद गेल्या वर्षीच्या कागदाशेजारी धरून पाहिला. सगळ्यात मोठ्या माशालाही कात्री लागलेली आणि सगळ्यात लहानालाही. एकही सुटला नव्हता. चोर एवढा समदर्शी कधी नसतो. तो पुढचं उचलतो, मागचं राहू देतो.

मुलगा प्रामाणिक. फळी खरी. मासा लांब. आकडा आखूड. चारही गोष्टी खऱ्या, आणि चौघी एका नावेत बसायला तयार नाहीत.

घरी येऊन तिने भाच्याच्या बायकोला सांगितलं, "रडू नकोस. उद्या शनिवार. अजून आख्खा एक दिवस हातात आहे."

तो दिवस तिच्या हातात नव्हता.

६

शनिवारी सकाळी मावशी कचेरीत पोचली, तेव्हा बाहेर चाळीस नावांची माणसं उभी होती आणि बाईंच्या टेबलावरच्या हुकुमावर निळा शिक्का वाळत होता.

"हे काय?" मावशी म्हणाली. "शनिवारपर्यंत दिलेत ना?"

"दिले होते," बाई म्हणाल्या. "मंगळ, बुध, गुरू, शुक्र. शनिवार आला, मुदत संपली."

"अहो, शनिवारपर्यंत म्हणजे शनिवार धरून!"

"शनिवारपर्यंत म्हणजे शनिवार येईपर्यंत. शनिवार सोडून."

"कोणत्या शाळेत शिकवलं हे?" बर्फवाले भाऊ ओरडले. आता दोन्ही कानांनी त्यांना ऐकू येत होतं. "'शनिवारपर्यंत सुट्टी' म्हटलं तर तुम्ही शनिवारी कामावर येता का?"

"आणि 'दारापर्यंत सोडतो' म्हटलं, तर दार डोक्यावर घेऊन जायचं असतं का?" बाईंनीही आवाज चढवला.

बीजवाले काका कोणाच्या तरी कोपराखालून पुढे आले. "गळ्यापर्यंत पाणी म्हणजे गळा भिजला का नाही, ते आधी ठरवा!" दोन गट पडले. धरून म्हणणारे आणि सोडून म्हणणारे. चाळीस घरांचं वाटोळं होत होतं आणि माणसं एका शब्दावरून हमरीतुमरीवर आली होती. भाचा तेवढा खिडकीतून आपल्या नावेकडे बघत होता.

मावशीच्या हातात एक गाठ सैल व्हायला लागली होती.

धरून, का सोडून?

तिने टेबलावर थाप मारली. तिच्या घट्ट्यांच्या हाताची थाप बसली की शाईची बाटलीही उभी राहून ऐकते. "बाईसाहेब, शिक्का तुमचा, मी काही बोलत नाही. फक्त मोजणीच्या नियमात काय लिहिलंय तेवढं वाचा."

बाईंनी फाइल काढली. "माशाची लांबी तोंडाच्या टोकापासून शेपटीपर्यंत मोजावी."

"शेपटीपर्यंत," मावशी म्हणाली. "मोजणीबाबूंना फळी घेऊन बोलवा. आणि कोणीतरी सकाळच्या जाळ्यातला एक कात्र्या आणा."

फळी आली, कात्र्या आला, बाबू आला. त्याने माशाचं तोंड आडकाठीला टेकवलं, अंग सरळ केलं आणि उघड्या कात्रीच्या मधे, जिथे दोन्ही पाती जुळतात त्या खाचेत पेन्सिल टेकवली.

"चाळीस," तो म्हणाला.

"का तिथे?"

"शेपटीपर्यंत. शरीर इथे संपतं, पुढे शेपटी सुरू."

"म्हणजे शेपटी सोडून." मावशीने दोन्ही पाती चिमटीत एकत्र धरली आणि फळीवर सरळ केली. टोकं जिथे पोचली, तिथलं लाकूड काचेसारखं गुळगुळीत होतं. "वाचा बाबू."

बाबूच्या हातातली पेन्सिल खाली पडली. "पंचेचाळीस."

"आधीच्या मोजणाऱ्यांनी वर्षानुवर्षं शेपटी धरून मोजलं. ही बघा, फळी झिजलीय. खाचेपर्यंत मोजलं असतं तर चाळिसापाशी झिजली असती. त्यांचा शब्दही बरोबर, यांचा शब्दही बरोबर. पण दारं लावून मोजायचं म्हटल्यावर कोणाचं बोट कुठे टेकतं ते दिसणार कोणाला? काकांचं बीज बुटकं नाही. भाऊंनी मासे बदलले नाहीत, म्हणून पेटीत शेपट्या वाकवाव्या लागल्या. आणि माझ्या पोराच्या जाळ्याला खवला नाही, मटाराचा ताणा आहे. तीन बोटं चोरली ती या एका शब्दाने."

कात्र्याने फळीवर शेपटी आपटली, ती कचेरीतल्या सगळ्यांना ऐकू आली.

बाई उठल्या. "सगळी दारं उघडा," त्या म्हणाल्या. "आणखी नव्व्याण्णव कात्रे आणा."

७

अंगणात, उन्हात, सगळ्यांसमोर शंभर कात्रे मोजले, शेपटी धरून. प्रत्येक आकडा बाबू वाचायचा आणि चाळीस नावांची माणसं एका सुरात तो म्हणायची, पाढे म्हटल्यासारखी. सरासरी भरली चव्वेचाळीस.

बीजवाले काका कठड्यावर चढले आणि पहिल्यांदाच सगळ्यांना दिसले. भाऊंनी आनंदाच्या भरात बर्फाची आख्खी लादी अंगणात आणून फोडली. बाईंनी हुकुमाचे चार तुकडे केले आणि भाच्याचा परवाना त्याच्या हातात दिला. त्याने तो उलटसुलट करून दोनदा वाचला. "आता ओरड की," तो मावशीला म्हणाला. तिने ओरडायला तोंड उघडलं आणि आठवड्याचा दाबून धरलेला श्वास तेवढा बाहेर पडला.

पण तिने बोटं मोजायचं सोडलं नव्हतं. "बाईसाहेब, गेल्या वर्षी पंचेचाळीस, यंदा चव्वेचाळीस. तीन बोटांतली अडीच बोटं शब्दाने परत केली. अर्धं बोट अजून सापडलं नाही."

लोक बाबूकडे वळले.

"ते बाबूंनी नाही चोरलं. ते आपण चाळिसांनी मिळून खाल्लं. यंदाच्या जाळ्यांचा डोळा मी अर्धं बोट मोठा विणणार. कोणाला नको असेल त्याने दुसरी मावशी बघावी."

कोणी दुसरी मावशी बघितली नाही. पुढच्या वर्षी मासा पंचेचाळीसच्याही वर गेला. नियमात 'शेपटीपर्यंत' खोडून 'शेपटीच्या टोकासह' असं लिहिलं गेलं. भाच्याच्या मटारावरचं जाळं मावशीनेच सांधून दिलं, फक्त ते नावेने न्यायचं नाही या अटीवर.

आणि तो देखणा मोजणीबाबू? त्याला फार लाज वाटली. त्याच संध्याकाळी त्याने ट्रंक भरली, बस पकडली, आणि पुन्हा कोणाला कधी दिसला नाही. ऐकतात ते असं, की तो दूर समुद्रावर मोठ्या हुद्द्यावर आहे, देवमासे मोजतो आणि प्रत्येक देवमाशाची शेपटी...

"खोटं!" कोपऱ्यातून आवाज आला. दात लावून दोरा तोडल्याचा कट्ट आवाजही आला. "साफ खोटं! बस चुकली त्याची, वेळापत्रकात 'पाचपर्यंत' लिहिलं होतं म्हणून. ट्रंक घेऊन माझ्या ओट्यावर येऊन बसला, तो तीस वर्षं झाली, उठायचं नाव नाही. माझाच चहा पितो आणि माझीच गोष्ट सांगतो. आणि म्हणे देखणा! अगं बायांनो, बघा तरी, आत्तासुद्धा तोंडात पेन्सिल आहे."

"गोष्ट संपेपर्यंत बोलायचं नाही, असं ठरलं होतं."

"हो," म्हातारी म्हणाली. "मी शेवट सोडून धरलं."